४३ तास, १७२ सागरी मैल: पूरबोटींसाठी मालवणपर्यंत शिडाच्या होडीतून

पाणीपातळी:

जुलै लागला की कोल्हापुरात एकच प्रश्न असतो, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. त्यातला ४३ धरून एक कल्पना मांडतोय. जाणकारांनी ती उभी-आडवी तपासावी म्हणून हा धागा.

नकाशावर बघा. गेटवे ऑफ इंडियाचा अक्षांश १८ अंश ५५ मिनिटं, मालवणचा १६ अंश ३ मिनिटं. फरक २ अंश ५२ मिनिटं, म्हणजे १७२ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. ताशी ४ मैल, म्हणजे ४ नॉट धरले तर १७२ मैलांना बरोबर ४३ तास लागतात.

तर मोहीम अशी: मुंबई ते मालवण, ४३ तास, लहान शिडाच्या होडीतून (डिंगी), न थांबता, आळीपाळीनं माणसं बदलत. गोळा होणारा पैसा करवीर आणि शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांना: फुगवायच्या बोटी, इंजिनं, लाइफ जॅकेट. आंबेवाडी, प्रयाग चिखली, नृसिंहवाडी, कुरुंदवाड या पट्ट्यात २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको.

शेवट मालवणला का, असं कुणी विचारेल. १८१२ च्या करारानं इंग्रजांकडे जाईपर्यंत मालवण कोल्हापूर संस्थानाचं बंदर होतं. आपल्या गावाचं समुद्राशी नातं तिथलं आहे.

कोणती होडी, कोणता महिना, किती माणसं, परवानग्या कुठल्या आणि पैशाचा व्यवहार कसा ठेवायचा, यावर लिहा.

शीडदोर:

कल्पना आवडली आणि आकडा तर फारच जुळून आलाय. पण ‘न थांबता’ हे दोन शब्द काढा. कारण सांगतो.

जानेवारी-फेब्रुवारीत कोकण किनाऱ्यावर वारा दिवसभर एकसारखा नसतो. पहाटेपासून साधारण ११ पर्यंत जमिनीकडून मतलई वारा, ५ ते ८ नॉट. मग तासदीड तास पडतो, शीड नुसतं लोंबतं. साडेबाराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा उठतो आणि चार वाजेपर्यंत १०-१५ नॉटपर्यंत चढतो. सूर्य बुडाला की पुन्हा ओसरतो. रात्री नऊ ते तीन बऱ्याचदा इतका मंद असतो की डिंगीला १ नॉटही मिळत नाही. म्हणजे रात्रीच्या सहा तासांत २४ मैलांऐवजी ६ मैल होणार. सलग ४३ तासांचं गणित पहिल्याच रात्री मोडतं.

दुसरं कारण जाळी. रात्री किनाऱ्यालगत मैलोन् मैल जाळी तरंगत असतात आणि टोकाला एखादाच मिणमिणता दिवा असतो. डिंगीचं सेंटरबोर्ड (होडीच्या मधून खाली जाणारी उभी फळी) आणि सुकाणू दोन्ही पाण्यात खाली लटकलेले. जाळ्यात अडकली की होडी तिथेच फिरते, लाट बाजूनं येते आणि ती उलटते. अंधारात उलटलेल्या होडीपासून माणूस दहा मीटरवर गेला तरी दिसत नाही. शिवाय जाळं फाटलं तर नुकसान मच्छीमाराचं, आणि त्याच लोकांच्या मदतीवर ही मोहीम उभी राहणार आहे.

म्हणून दिवसा टप्पे करा आणि घड्याळ फक्त शीड चालू असताना चालू द्या. ४३ तास पाण्यावरचे, सहा दिवसांत वाटलेले. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवली आहे ते बरोबरच, दुपारचा वारा पाठीमागून मिळतो. उलटं केलंत तर रोज दुपारी वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चढावं लागेल आणि अंतर दीडपट होईल.

मालवणीवारा:

शीडदोर म्हणतात ते खरं. त्यात भर घालतो.

गेटवेवरून निघू नका. बंदराचे जहाजमार्ग, नौदलाचा परिसर, लाँचींची वर्दळ, परवानग्यांचा डोंगर. डिंगीला तिथे जागाच नाही. मांडव्यावरून निघा. अक्षांशांच्या फरकावरून काढलेलं अंतर सरळ दक्षिणेचं असतं, पण आपला किनारा आग्नेयेकडे कलतो, त्यामुळे गेटवे-मालवण प्रत्यक्षात १८० च्या आसपास जातं. मांडव्यावरून टप्पे असे पडतात:

मांडवा ते मुरूड-जंजिरा ३२, जंजिरा ते हर्णै ३०, हर्णै ते जयगड ३२, जयगड ते रत्नागिरी २०, रत्नागिरी ते विजयदुर्ग २७, विजयदुर्ग ते मालवण ३१. बेरीज करा. १७२.

हे आकडे नकाशावर पट्टी लावून काढलेले आहेत, एखाद-दुसरा मैल इकडेतिकडे होईल. जलसर्वेक्षण खात्याच्या चार्टवर वळणाचे बिंदू टाकून पुन्हा मोजावेच लागतील.

टप्प्यांबद्दल थोडं. मांडवा सोडल्यावर खांदेरी-उंदेरी आणि थळचा खडकाळ भाग येतो, तिथे बाहेरून जा, किल्ले बघायला आत शिरू नका. हर्णै उघडं बंदर आहे, वायव्येचा वारा वाढला की उभं राहायला त्रास होतो, डिंग्या वाळूवर ओढून घ्याव्या लागतील. जयगडला कोळशाची मोठी जहाजं येतात, खाडीचं तोंड ओलांडताना सगळ्या होड्या एकत्र ठेवा. विजयदुर्ग हा सगळ्या प्रवासातला सुरक्षित आसरा, वाघोटन खाडीत कुठल्याही वाऱ्यात आडोसा मिळतो. फक्त किल्ल्याला खेटून जाऊ नका, तिथे पाण्याखाली बांधलेली भिंत आहे. शेवटच्या दिवशी वारा बिघडला तर वाटेत देवगड आहे. मालवणात शिरताना सिंधुदुर्गाभोवती पाण्यालगत खडक आहेत, तिथे स्थानिक तांडेल (मच्छीमार बोटीचा प्रमुख) होडीत घेतल्याशिवाय शिरू नये. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, वन खात्यालाही कळवा.

आणि एक: रेडिओवर किंवा ग्रुपवर नुसतं ‘मुरूड’ म्हणू नका. एक मुरूड जंजिऱ्याजवळ, दुसरं दापोली तालुक्यात हर्णैजवळ. पाण्याचा टँकर दुसऱ्याच मुरुडात जाऊन थांबेल.

पाणीपातळी:

मांडव्यापासून १७२! धन्यवाद, मूळ धागा बदलत नाही पण इथून पुढे मांडवा-मालवणच धरू.

तारीख कशी ठरवायची? मला २६ जानेवारीला धरून करायचं होतं.

मालवणीवारा:

इंग्रजी तारीख आधी ठरवू नका, तिथी ठरवा. भरतीची वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळी नि संध्याकाळी दोन्हीकडे जवळपास हीच वेळ. अंदाजाला उत्तम. नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यातून घ्यायची.

आता बघा, तुम्ही रोज दुपारी चारच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी पोचणार. बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर येतं, समोरून वायव्येच्या वाऱ्याची लाट, दोन्ही दांड्यावर भिडतात आणि लाट उभी राहून फुटते. डिंगी तिथे हमखास उलटते. तेच पाणी आत जात असेल तर लाट लांब आणि बसकी होते, होडी अलगद आत जाते. म्हणून चार वाजता भरती चालू हवी. षष्ठीला पूर्ण भरती साडेचारला, द्वादशीला रात्री नऊला. षष्ठी ते द्वादशी हे सातही दिवस चालतात, आणि मध्ये अष्टमी येत असल्यामुळे भांगाचं पाणी, म्हणजे प्रवाहाचा जोरही कमी.

माघ शुद्ध षष्ठीला निघा. शुद्ध पक्ष एवढ्यासाठी की उशीर झालाच तर संध्याकाळी डोक्यावर चंद्र असतो. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ही तिथी येते. डिसेंबर टाळा. नोव्हेंबर ते जानेवारी किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, तुमच्या विरुद्ध. चक्रीवादळांचा ऑक्टोबर-डिसेंबरचा हंगामही तोवर मागे पडलेला असतो.

शीडदोर:

तिथीचा मुद्दा सोन्यासारखा आहे.

होडीबद्दल. तीन पर्याय दिसतात. आयएलसीए, जिला सगळे लेझर म्हणतात: एकट्याची, लांबी ४.२३ मीटर, सांगाडा ५९ किलोच्या आसपास, शीड ७.०६ चौरस मीटर किंवा लहान ५.७६ चं. एंटरप्राइझ: दोघांची, ४.०४ मीटर, दोन शिडं. हॉबी १६: दोन सांगाड्यांची, ५.०५ मीटर, १४५ किलो, वेगवान.

हॉबी पळते चांगली, पण लाटेत नाक खुपसून कोलांटी मारते आणि पूर्ण पालथी झाली की दोघांना सरळ करणं जड जातं. लेझर एकटा माणूस अर्ध्या मिनिटात सरळ करू शकतो, सुटे भाग देशात मिळतात, पण आठ तास एकट्यानं चालवणं शरीराला परवडत नाही. दर दोन तासांनी माणूस बदलावा लागेल. माझं मत: तीन लेझर, लहान शिडासह, नऊ माणसं. लहान शीड का, तर दुपारी १५ नॉटला मोठं शीड नवख्याला आवरत नाही, आणि सकाळी त्यानं जे वाचतं ते दुपारच्या दोन कोलांट्यांत जातं.

वेळेचा अंदाज ३२ मैलांच्या टप्प्यासाठी असा. सात ते अकरा ४ नॉटनं १६ मैल. अकरा ते साडेबारा जेमतेम दीड मैल. साडेबारा ते साडेतीन ५ नॉटनं १५. बेरीज साडेबत्तीस, साडेआठ तास. बसतं, पण काठावर बसतं. हर्णै-जयगडच्या दिवशी मतलई वाराच आला नाही तर दाभोळला थांबायची तयारी आधीपासून हवी. तिथेही दांडा आहे, भरती बघूनच आत.

आता बिघडतं काय ते. पाठीमागच्या वाऱ्यात लेझर डाव्या-उजव्या बाजूला डोलायला लागते आणि तिसऱ्या-चौथ्या डोलाला चालवणाऱ्याच्याच अंगावर उलटते. कारण शीड ९० अंशांपलीकडे सोडलेलं, व्हँग (बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, खाली ओढून धरणारी दोरी) सैल म्हणून शिडाचा वरचा भाग पुढे पिळलेला, आणि वेग वाढावा म्हणून सेंटरबोर्ड पूर्ण वर उचललेला. उपाय: व्हँग ताणा, शीड ८० अंशांवर रोखा, सेंटरबोर्ड अर्धा खाली ठेवा, आणि वारा अगदी पाठीवर न घेता २० अंश तिरका घ्या. २० अंशांनी अंतर साधारण ६ टक्क्यांनी वाढतं. १५ मैलांना एक मैल जास्त. तो मैल द्यावा, कारण एक कोलांटी दहा मिनिटं आणि माणसाचा दम खाते. नकळत जाइब होऊन (पाठीमागच्या वाऱ्यात शीड एकदम दुसऱ्या बाजूला जाऊन) बूम डोक्यात बसण्याचा धोकाही त्यानंच टळतो. हेल्मेट मात्र सगळ्यांना.

रोज सकाळी होडी पाण्यात ढकलण्यापूर्वी हात लावून बघायच्या गोष्टी: मागचं पाणी काढायचं बूच, सुकाणूच्या खिळी आणि त्यांचे स्क्रू, सुकाणू वर निसटू नये म्हणून असलेली स्प्रिंगची पट्टी, डोलकाठी सांगाड्याला बांधलेली दोरी. बूच अंगठ्याएवढं असतं आणि त्याच्या रबरी कड्यावर वाळूचा एक कण बसला की थेंब-थेंब पाणी आत जातं. वरून कळत नाही. होडी तीन तासांनी जड वाटायला लागते, वळायला उशीर करते, तेव्हा आत वीस-पंचवीस लिटर झालेलं असतं आणि ते नाकाकडे धावून होडीला लाटेत खुपसतं. कडं बोटानं पुसा, थोडं ग्रीस लावा, घट्ट फिरवा. प्रत्येक होडीला दोन जास्तीची बुचं, दोरीनं बांधून.

डोलकाठी दोन तुकड्यांची असते. वरचा तुकडा जोडापाशी असलेल्या रिव्हेटच्या भोकातून वाकतो किंवा तुटतो, कारण रिव्हेट ताणाच्या बाजूला आलेला असतो. नवा तुकडा घेताना हे बघा. एक जास्तीचा वरचा तुकडा सोबतच्या बोटीवर हवाच.

चॅनल१६:

संपर्क नि बचाव यावर कोणी लिहिलं नाही म्हणून.

सोबत दोन बोटी लागतील. एक मच्छीमारांची यांत्रिक बोट, तिच्यावर पाणी, सुटे भाग, विश्रांतीची माणसं आणि प्रथमोपचार. दुसरी लहान, वेगवान, आउटबोर्डची (मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाची), फक्त बचावासाठी. मोठ्या बोटीवरून पाण्यातला माणूस उचलणं अवघड असतं, बाजू उंच आणि पंखा फिरता. तीन डिंग्यांना एक वेगवान बोट पुरते, पण तिन्ही एकमेकींपासून अर्ध्या मैलात ठेवल्या तर. फाटाफूट झाली की सगळ्यात मागच्यानं ठरवायचं, पुढच्यांनी थांबायचं.

प्रत्येक डिंगीत ५ वॉटचा, पाण्यात तरंगणारा व्हीएचएफ (हातातला सागरी रेडिओ संच). चॅनल १६ वर ऐकत राहायचं, आपसातलं बोलणं दुसऱ्या चॅनलवर. पाण्यालगत धरलेल्या दोन संचांमध्ये तीन-चार मैलांच्या पुढे भरवसा नाही. संच वापरायला दूरसंचार खात्याचा परवाना लागतो, तो आधी काढा. तटरक्षक दलाचा बचाव क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, प्रत्येक जॅकेटच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईनं लिहा.

सॅटेलाइट फोन किंवा परदेशातून आणलेलं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र अजिबात नको. परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि लोकांना अटक झालेली आहे. हौशीनं पाहुण्याकडून कुणी घेऊन येईल म्हणून मुद्दाम सांगतोय. त्याऐवजी ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसूचक, भारतात नोंदवलेला, प्रत्येकाच्या जॅकेटला.

परवानग्या: महाराष्ट्र सागरी मंडळाच्या प्रत्येक बंदर अधिकाऱ्याला, तटरक्षक दलाला, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांच्या पोलिसांना लेखी पत्र. त्यात होड्यांचे रंग, शिडाचे क्रमांक, माणसांची यादी, टप्प्यांच्या वेळा. पत्र पोचल्याचा शिक्का घ्या. दोन महिने हातात ठेवा.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी बघायचा. इराणी आखाताकडच्या जोरदार वाऱ्यांची लांब लाट हिवाळ्यात आपल्यापर्यंत येते, इथे वारा शांत असतानाही. वाळूवरून होडी ढकलताना तीच पाडते.

हिशेबवही:

पैशाकडे वळते.

पाणीपातळी दादा, ‘मैलाला अमुक रुपये’ ही पद्धत डोक्यात असेल तर तिच्यात एक मोठा धोका आहे. देणगी पोचण्यावर अवलंबून ठेवली की पाचव्या दिवशी वारा वाढलेला असताना थांबायचा निर्णय कुणाला घेववत नाही. पुढे ३१ मैलांचे पैसे दिसत असतात. म्हणून पहिल्याच कागदावर छापा: होडी रत्नागिरीला थांबली तरी देणगी पूर्ण, परत नाही, कमी नाही. आणि पैसे आधी घ्या. नंतर देतो म्हटलेले पैसे मागत फिरणं हे वेगळं काम होऊन बसतं.

मैलाचा हिशेब नुसता सांगण्यापुरता ठेवा, तो चांगला आहे. मैलाला १ रुपया म्हणजे १७२. मैलाला ५ म्हणजे ८६०. अडीच हजार घरांनी ८६० दिले तर २१ लाख ५० हजार. तालीम मंडळं, गणेश मंडळं, दूध संस्था, शाळांचे माजी विद्यार्थी, एवढं जाळं असलेल्या जिल्ह्यात अडीच हजार घरं ही हवेतली गोष्ट नाही.

आता कायदा. स्वतःच्या खात्यावर किंवा यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. नोंदणीकृत न्यास नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम ४१-सी खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. गणेश मंडळांना हे माहीत आहे. त्यापेक्षा पूरकाळात काम करणाऱ्या, १२-ए आणि ८०-जी (न्यासाला आणि देणगीदाराला आयकरात सवलत देणाऱ्या नोंदण्या) असलेल्या एखाद्या जुन्या न्यासाला मालक करा, पैसा थेट त्यांच्या खात्यात. ८०-जीची सवलत सांगताना खरं सांगा: २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांनाही मिळत नाही. पावती मागणाऱ्याचा पॅन घेतल्याशिवाय प्रमाणपत्र निघणार नाही, तो रकाना पहिल्याच फॉर्ममध्ये ठेवा.

परदेशातले कोल्हापूरकर मनापासून देतील. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांची स्वतःच्या बचतीतली, बँकेतून आलेली देणगी चालते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, परदेशी देणगी ठरते. एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या न्यासानं ती घेऊ नये. जन्मगाव कुठलं याला कायद्यात किंमत नाही.

एमआयडीसीतल्या कंपन्यांना सीएसआरमधून (सामाजिक कामांसाठीच्या त्यांच्या निधीतून) मागा. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आपत्ती व्यवस्थापन आहे. न्यासाची सीएसआर-१ नोंदणी लागते.

आणि दोन खाती. मोहिमेचा खर्च, म्हणजे टेम्पो, डिझेल, मुक्काम, विमा, एका खात्यात, तो प्रायोजकांकडून. देणग्या दुसऱ्यात, त्यातून होडीच्या एका दोरीचेही पैसे जाणार नाहीत. हे पत्रकावर लिहिता आलं पाहिजे. विमा घेताना पॉलिसी वाचा, अपघात विम्यातून साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात.

करवीरकाठ:

हिशेबवही ताई, दोन खात्यांचं अगदी पटलं.

गावाला काय द्यायचं त्यावर बोलतो. नुसत्या बोटी देऊन फोटो काढू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. बोट होती. माणसं जास्त भरली होती, अंगावर जॅकेट नव्हती. म्हणून बोटीच्या आधी जॅकेट, नि जॅकेटाच्या आधी दांडगाई न करता माणसं मोजून चढवणारा कुणीतरी.

एका गावाचा संच म्हणून माझ्या मते असा हवा: एक फुगवायची बोट, आउटबोर्ड इंजिन, वल्ही चार, फेकायच्या दोरीच्या पिशव्या चार, प्रत्येकी २० मीटर, पाण्यावर तरंगणारी दोरी. जॅकेट २५, त्यातली ८ लहान मुलांची. हे सहसा विसरलं जातं. मोठ्यांचं जॅकेट पोराला घातलं तर पोर खालून निसटतं, जॅकेट वर राहतं. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलीच घ्या. ५० न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) जॅकेट पोहता येणाऱ्याला आधार देतं, बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवत नाही. डिंगी चालवणाऱ्यांना ते हलकं जॅकेट ठीक, पुरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी १५० न्यूटनचं पाहिजे. खरेदी करणाऱ्याला हा फरक कळत नसेल तर सगळीच स्वस्त ५० ची येतील.

बोटीवर दहा माणसं लिहिलं असेल तर पुरात सहा आणि चालवणारे दोन. प्रवाहात तिरकी घालावी लागते, माणसं एका बाजूला सरकतात, सोबत बोचकी असतात.

उद्यमनगर:

इंजिनाचं मी सांगतो, कारण बोट फुकट जाते ती इंजिनामुळं.

पूर येतो जुलै-ऑगस्टात. सप्टेंबरला बोट खोलीत जाते, टाकीत पेट्रोल तसंच. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी नि इथेनॉल खाली बसतं, वर पेट्रोल. पुढच्या जुलैत दोरी ओढून ओढून खांदा निखळतो, इंजिन काही घेत नाही. कार्ब्युरेटर खोलला की वाटीच्या तळाला पांढरट साय आणि जेटचं भोक बंद. ते भोक मिलिमीटरपेक्षा बारीक असतं. सुई घालून साफ करू नये, भोक मोठं होतं. हवेनं नि क्लीनरनं.

उपाय साधा आहे. काम संपलं की आधी स्वच्छ पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवायचं, गाळ निघून जातो. मग पिंपातच पेट्रोलची नळी काढायची आणि इंजिन आपोआप बंद पडेस्तोवर चालू ठेवायचं, वाटी रिकामी होते.  पूर पाण्यात लाल गाळ फार, पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चक्र झिजतं. इंजिनाच्या बाजूनं बारीक पिचकारी येत असते, ती पातळ झाली किंवा थांबली की लगेच बंद करा, नाहीतर पाच मिनिटांत पिस्टन धरतो. ते चक्र दरवर्षी बदला, बघत बसू नका. टू-स्ट्रोक असेल तर ५० ला १, म्हणजे १० लिटरला २०० मिली ऑइल, पण इंजिनाच्या पुस्तकात वेगळं असेल तर तेच खरं. ४० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ताकदीनं तासाला १५ लिटरच्या आसपास पितं, गावात २० लिटरचे दोन कॅन असले तरी दोन-तीन तासच निघतात.

उसाचा पाला, साडी, कुंपणाची तार पंख्यात गुंडाळते. उसाच्या शेतावरून जाताना इंजिन वर उचलून वल्ही मारायची. पंखा आणि शिअर पिन (पंखा अडकला की स्वतः तुटून इंजिन वाचवणारी खीळ) प्रत्येकी एक जादा, बोटीतच बांधलेली.

फुगवलेल्या नळ्यांचा दाब बहुतेक बोटींत २४० मिलिबारच्या आसपास, मोजायला गेज द्या. दुपारच्या उन्हात दाब चढतो, पाण्यात उतरवल्यावर उतरतो, म्हणून पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. खोलीत उंदीर नळी कुरतडतात, बोट जमिनीवर न ठेवता टांगून ठेवा.

एकच मागणं आहे: जमलेल्या पैशातला पाचवा हिस्सा बाजूला ठेव म्हणून टाका, त्याच्या व्याजातून दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक इंजिन खोलून बसवून चालवून बघायचं. आपल्या उद्यमनगरात ते करणारे हात आहेत.

पाणीपातळी:

पाचवा हिस्सा देखभालीला, हे मूळ उद्दिष्टातच घालतो.

देणगीदारांसाठी शहरात एक फलक करायचं डोक्यात आहे. बिंदू चौकात, बंधाऱ्यावरच्या पातळीच्या खांबासारखा, ० ते ४३ फूट आखलेला. १७२ भागिले ४३ म्हणजे ४, दर चार मैलांना एक फूट निळा रंग चढवायचा. ३९ फूट म्हणजे १५६ मैल, देवगड मागे पडल्यावर. मनपाची परवानगी लागेल.

सरावाचं काय? रंकाळा, राजाराम तलाव, राधानगरी?

शीडदोर:

राधानगरी सोडा, अभयारण्य आहे. तलाव ज्याच्या ताब्यात, मनपा किंवा पाटबंधारे, त्याची लेखी परवानगी घेऊनच उतरायचं. तलावावर उलटवून सरळ करणं, माणूस उचलणं, शीड पाण्यावर असताना लहान करणं, जाइब, एवढं पक्कं होतं. दर माणसामागे उलटण्याचा सराव पन्नास वेळा, त्यातला दहा वेळा कपडे नि जॅकेट घालून, दमलेला असताना. पण तलावावर लाट नाही आणि भरती नाही. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर तलाव, डिसेंबर-जानेवारी तारकर्ली-मालवण, शेवटी एकदा विजयदुर्ग ते मालवण पूर्ण टप्पा, सगळ्या बोटींसह. तो साडेनऊ तासांत झाला नाही तर मोहीम एक वर्ष पुढे. बचाव बोट चालवणाऱ्यांसाठी गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट आणि जीवरक्षकाचे वर्ग असतात, दोघांना तरी पाठवा.

धीर यायला एक सांगतो. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. ती होडी गोव्यात दिवाडीला बांधलेली, आपल्याच किनाऱ्यावर. निघण्यापूर्वी त्यांची तयारी वर्षांत मोजावी लागते. आपल्याला एक पूर्ण हंगाम मिळतोय.

मालवणीवारा:

खाण्यापिण्याचं: माणशी दिवसाला ५ लिटर पाणी, त्यातलं एक ओआरएसचं. भडंग आणाल तर उघड्या पुड्यात नको, खाऱ्या हवेत अर्ध्या तासात वातड होतं. गुळाच्या ढेपेऐवजी चिक्की, एकेक तुकडा वेगळा बांधून, ओल्या हातानं उघडता येईल असा. मिठाच्या पाण्यानं बोटांची कातडी चौथ्या दिवशी सोलते, हातमोजे प्रत्येकाला दोन जोड.

हिशेबवही:

होड्या कशातून नेणार? खर्चाच्या रकान्यात घालायचंय.

शीडदोर:

लेझर ४.२३ मीटर, म्हणजे पावणेचौदा फुटांपेक्षा जास्त. १४ फुटी टेम्पोत घासून बसते, दार लावताना सुकाणूच्या खिळी वाकतात. १७ फुटी घ्या. तिन्ही एकावर एक, पालथ्या, मध्ये ट्यूबचे पट्टे, दोरी सांगाड्याच्या कडेवरून ओढायची नाही, खाली चीर जाते. डोलकाठ्या वेगळ्या, गोधडीत. मालवणहून परत राधानगरी-फोंडा घाटानं, उतारात नाही पण वळणांवर माल सरकतो, दाजीपूरला थांबून दोऱ्या पुन्हा ताणा.

पाणीपातळी:

लिहून घेतलं. या आठवड्यात तीन गोष्टी करतोय: न्यासाशी बोलणं, चार्टवर सहा टप्पे मोजणं, आणि आंबेवाडी-चिखलीतून पोहणाऱ्या पोरांची यादी. डिंगीवरची नऊ माणसं त्यातूनच घ्यायची, म्हणजे फेब्रुवारीत जो लेझर चालवेल तोच जुलैत गावची बोट चालवेल. मोजलेली अंतरं आली की इथेच टाकतो. मालवणीवारा, दाभोळच्या दांड्यावर भरतीनंतर किती वेळ आत जाता येतं, तेवढं तिथल्या तांडेलाला विचारून कळवा.